हापूसची गोडी पानात कशी तयार होते: कोकणातल्या बागायतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडली की सगळ्यांचं लक्ष मोहोराकडे असतं आणि मार्च लागला की फळाकडे. पानाकडे क्वचितच कोणी बघतं. फळातली साखर, गराचा रंग, वास, पेटीतला दर्जा या सगळ्यासाठी लागणारा कच्चा माल मात्र पानातच तयार होतो. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत फिरून पानाचाच विषय येईल. तसं मुद्दामच केलं आहे.

आंबा हे कोयीचं फळ, मग पीच-प्लमबद्दल जे वाचतो ते आपल्या बागेला लागू पडतं का?

अर्धंच. बाहेर साल, मध्ये गर आणि आत टणक कवचात बी अशी रचना असली की ते कोयीचं, आपल्या बोलीत बाठ्याचं फळ. आंबा, अंबाडा, बोर, पीच, प्लम, जर्दाळू, चेरी आणि शास्त्राप्रमाणे नारळसुद्धा याच गटात बसतो. पण पीच-प्लम गुलाबाच्या कुळातले आणि आंबा काजू-बिब्ब्याच्या कुळातला. पीचला हिवाळ्यात शेकडो तासांची कडक थंडी लागते, पानगळ होते आणि मगच फुलं येतात. म्हणून तो हिमाचल, उत्तराखंड, काश्मीरकडे होतो, आपल्याकडे नाही. आंबा बारमाही हिरवा.

ऊन किती मिळतं, फळामागे पानं किती आहेत, पाणी कधी तुटतं, हे हिशेब दोघांनाही सारखेच लागू पडतात. साखरेची गोष्ट मात्र वेगळी आहे. पीचचं पान फळाकडे मुख्यतः सॉर्बिटॉल नावाचं साखरेसारखं द्रव्य पाठवतं आणि काढणीच्या वेळी पीचमध्ये स्टार्चचा साठा जवळपास नसतो. त्यामुळे लवकर काढलेला पीच मऊ होतो, पण फारसा गोड होत नाही. हापूस कच्चा काढला तरी आढीत गोड होतो. असं का, ते पुढच्या उत्तरात.

हापूस गोड होतो तो झाडावर की आढीत?

गोडीचा माल झाडावर भरतो, आढीत त्याचं फक्त रूप बदलतं. पान सूर्यप्रकाश, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी वापरून साखर तयार करतं. ती देठातून फळात येते आणि तिथे स्टार्चच्या रूपात साठते. झाडावरचं फळ म्हणजे भरत चाललेली कणगी समजा. पिकताना फळातली विकरं हा स्टार्च मोडतात आणि त्याची साखर होते. त्याच वेळी आंबटपणा उतरतो, सालीतलं हरितद्रव्य मोडतं, गरात केशरी रंगद्रव्यं वाढतात आणि हापूसचा तो वास सुटतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर बरंच काम झालं आहे. कच्च्या आंब्याचा हिरवट वास टर्पीन गटातल्या द्रव्यांचा असतो आणि पिकताना त्यांच्या जोडीला लॅक्टोन गटातली द्रव्यं वाढतात. पिकल्या हापूसचा गोडसर वास त्यांच्यामुळे येतो.

यातून निघणारा अर्थ बागायतदाराने मनात पक्का ठेवावा. फळात स्टार्च कमी भरला असेल तर आढी कितीही चांगली लावा, गवत कितीही नवं घ्या, आंबा पिवळा होईल पण जिभेला पाणचट लागेल. बाजारात ‘दिसायला हापूस, चवीला काहीच नाही’ असे आंबे मिळतात, त्यातले बरेचसे कोवळे काढलेले असतात आणि काही पानाला नीट काम करायला न मिळालेल्या झाडांचे.

पान दिवसभर सारखंच काम करतं का?

नाही, आणि कोकणातल्या मार्च-एप्रिलमध्ये तर अजिबात नाही.

आंब्याच्या पानाची श्वसनछिद्रं पानाच्या खालच्या बाजूला असतात. तिथूनच कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि तिथूनच पाण्याची वाफ बाहेर जाते. सकाळी हवा थंड आणि दमट असते, छिद्रं मोकळी उघडी असतात, ऊन पानाला पेलेल इतकं असतं. दिवसाची कमाई मुख्यतः या वेळात होते. दुपारी हवा कोरडी आणि तापलेली झाली की पाणी वाचवण्यासाठी पान छिद्रं मिटून घेतं. वाफ थांबते, पण कार्बन डायऑक्साइडही थांबतो. वरून ऊन ओतत असतं आणि आत काम ठप्प. शिवाय पान जसजसं तापतं तसतसा तयार झालेल्या मालाचा काही भाग श्वसनात परत खर्च होतो. तापमान पस्तिशीच्या पुढे गेलं की हा तोटा जाणवू लागतो.

आणखी एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. आंब्याच्या एकेकट्या पानाला भर दुपारचं सगळं ऊन वापरताच येत नाही. पूर्ण उन्हाच्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्या उजेडातच त्याचा वेग कमाल होतो, त्यापुढचं ऊन पानाला फक्त तापवतं. तेव्हा शेंड्याच्या पानांवर जास्तीचं ऊन पडून काही साधत नाही. तेच ऊन आतल्या पानांपर्यंत पोचवता आलं तर गोडी वाढते.

किनाऱ्याला एक सोय आहे ती खाऱ्या वाऱ्याची. दुपारच्या सुमारास समुद्रावरून वारा सुटला की हवा दमट होते, तापमान उतरतं आणि पानाला पुन्हा थोडं काम करता येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडचा कोरडा वारा जोर धरतो, त्या दिवशी समुद्राचा वारा उशिरा येतो आणि पारा ३७-३८ अंशांच्या वर जातो. फळं भाजतात, देठ सुकतात, गळ होते. भाजलेलं फळ डोळ्याला दिसतं. पानाची बुडालेली कमाई दिसत नाही, ती मे महिन्यात चवीत कळते.

माझी कलमं पन्नास वर्षांची, घेर मोठा, पण फळ फक्त बाहेरून धरतं. काय करू?

हा प्रश्न रत्नागिरी, राजापूर, देवगड, वेंगुर्ला, सगळीकडे येतो. उत्तर एका वाक्यात सांगायचं तर झाडाच्या पोटात उजेड जात नाही.

पानांचा पहिला थर बहुतेक ऊन अडवतो, दुसऱ्याला उरलंसुरलं मिळतं. घेराच्या आतल्या पानांपर्यंत पूर्ण उन्हाचा दहावा भागही पोचत नाही. इतक्या अंधारात पान जे कमावतं ते त्याच्या स्वतःच्या श्वसनातच संपतं. अशी पानं फळाला काही देत नाहीत. आतल्या फांद्यांना मोहोर नाही, चुकून आला तर फळ नाही, फळ धरलं तर फिकं आणि बेचव. वर सावली आणि दमटपणा असल्यामुळे तुडतुडे आणि करपा तिथेच मुक्काम करतात. म्हणजे नुकसान दुहेरी.

उपाय छाटणीचा आहे, पण मोठं झाड बघून हात थरथरतो हे खरं. मला विचाराल तर एकदम सगळं तोडू नका. हंगाम संपला की आधी वाळलेल्या, रोगट, एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढा. मग मधोमध सरळ वर गेलेली एखादी फांदी निवडून ती काढा, म्हणजे माथ्याला उजेडाला वाट मिळते. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायला विसरू नका, नाहीतर बुरशीला आमंत्रण. दुपारी झाडाखाली उभं राहून जमिनीकडे बघा. जमिनीवर उन्हाचे कवडसे हलताना दिसले पाहिजेत. सगळीकडे गच्च सावली असेल तर अजून काम बाकी आहे.

जुन्या लागवडी १० × १० मीटरवर, म्हणजे हेक्टरी १०० झाडं. हल्ली ५ × ५ मीटरवर हेक्टरी ४०० झाडं लावतात. ही लागवड चांगली आहे, पण दरवर्षी छाटणी करायची तयारी असेल तरच. छाटणी न केलेली घन लागवड दहा-बारा वर्षांत सलग छप्पर होते आणि मग ४०० झाडं मिळून माथ्यावरच्या एका थराएवढंच पीक देतात.

नोव्हेंबरात पालवी फुटली. मोहोर गेला का?

त्या फांद्यांपुरता बहुधा लांबला. थंडीची जाणीव मोहोर देणाऱ्या फांदीच्या पक्व पानांना होते आणि तिथून फुलण्याचा संदेश डोळ्याकडे जातो. कोवळं पान अजून घरातलं खाणारं तोंड असतं. त्याचा तांबूस रंग दिसायला सुंदर, पण त्यात हरितद्रव्य कमी असतं. पूर्ण आकार येऊन गर्द हिरवं होईपर्यंत ते जुन्या पानांकडूनच अन्न घेतं. ऑक्टोबर संपेपर्यंत पाऊस रेंगाळला, जमिनीत ओल राहिली की झाड पालवीकडे वळतं आणि त्या वर्षी हंगाम दोन-तीन टप्प्यांत येतो.

फुटलेली पालवी सांभाळणं मात्र आपल्या हातात आहे. तुडतुडे, मिजमाशी, शेंडा पोखरणारी अळी आणि करपा यांनी ती खाल्ली तर नुकसान फक्त या वर्षाचं राहत नाही, कारण आंब्याचं पान वर्षाहून जास्त काळ काम करू शकतं.

फळं जास्त धरली की गोडी उतरते, हे खरं आहे का?

खरं आहे. एका फळाला भरायला अनेक डझन पानांची कमाई लागते. फांदीवर फळं जास्त आणि पानं कमी झाली की फळं लहान राहतात आणि त्यांच्यात साठा कमी भरतो. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर फ्रेंच संशोधकांनी आंब्याच्या फांद्यांची साल वर्तुळाकार काढून, पानं आणि फळं मोजून ठेवून याचा अभ्यास केला. फळामागे पानं जास्त ठेवली तेव्हा फळ मोठं आणि गोड झालं. पण पानांना मागणीच उरली नाही तेव्हा त्यांच्यात स्टार्च साचला आणि त्यांचा कामाचा वेगही उतरला. म्हणजे पान मागणी बघून काम करतं. मोहोराजवळच्या पानांचा वेग कमी होतो असंही तिथे दिसलं, कारण त्या पानांतला नत्र कमी झालेला होता.

हापूस स्वतःच बरीच फळं गाळतो. कणी, वाटाणा, सुपारी अशा प्रत्येक टप्प्यावर झाड हिशेब करतं. त्यामुळे आपल्याकडे विरळणी सहसा करावी लागत नाही. वाकड्या, डागाळलेल्या आणि घोसात दाटलेल्या फळांना वेळेवर खाली उतरवणं पुरतं.

फेब्रुवारीत पुन्हा मोहोर आला आणि धरलेली फळं गळाली. असं का?

थंडी लांबली की त्याच फांदीवर दुसरा मोहोर येतो. नवा मोहोर पानांचं अन्न ओढून घेतो, सुपारीएवढी झालेली फळं उपाशी राहतात आणि गळतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची यावर शिफारस आहे ती ५० पीपीएम जिबरेलिक ॲसिडची, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम. पुरेसा मोहोर आलेल्या झाडावर, मोहोर उमललेला असताना फवारायचं. भुकटी पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्या.

कातळावरचा आंबा जास्त चांगला असतो म्हणतात. जमिनीचा पानाशी काय संबंध?

कातळावर निचरा उत्तम असतो. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झाला तरी ऑक्टोबरात जमीन झपाट्याने सुकते, पालवीला लगाम बसतो आणि मोहोराला मदत होते. माथा उघडा असल्याने ऊन आणि वाराही मोकळा मिळतो. हे सगळे फायदे खरे आहेत. पण तीच उथळ जमीन मार्चमध्ये झाडाला पाणी देऊ शकत नाही आणि पान सकाळी लवकरच छिद्रं मिटतं. कातळावरचा चांगला आंबा हा सुरुंग लावून खड्डे फोडणाऱ्या, माती वाहून भरणाऱ्या माणसांच्या कष्टाचा आंबा आहे. २०१८ मध्ये मिळालेल्या हापूसच्या भौगोलिक मानांकनात पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे पाच जिल्हे आहेत, आणि या पट्ट्यात कातळ, डोंगरउतार, गाळाची जमीन असं सगळंच येतं. देवगडचा की रत्नागिरीचा, या वादात मला रस नाही. एकाच गावात दोन बागांची चव वेगळी निघते आणि त्यामागे बहुतेक वेळा माती, पाणी आणि पानाची निगा असते.

जांभ्याच्या मातीचं दुखणं वेगळं आहे. ती आम्लधर्मी असते, त्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतं, आणि पालाश, मॅग्नेशियम, कॅल्शियम पावसात धुऊन जातं. मॅग्नेशियम हा हरितद्रव्याच्या कणाचा गाभा. ते कमी पडलं की जुन्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी दिसते. पालाश कमी पडलं की पानाच्या कडा करपतात आणि साखरेची वाहतूक मंदावते. दहा वर्षांवरच्या कलमाला विद्यापीठाची शिफारस ५० किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि एक किलो पालाश अशी आहे. हे आकडे अन्नद्रव्यांचे आहेत, खताच्या गोणीचे नाहीत. माती तपासून घेतलीत तर यात कमी-जास्त करता येतं.

फळ वाढत असताना पाणी द्यावं का?

सोय असेल तर जरूर. फळ वाटाण्याएवढं झाल्यापासून पंधरा दिवसांच्या अंतराने तीन वेळा, झाडामागे १५० ते २०० लिटर. बुंध्याशी ओतू नका, घेराच्या कडेच्या आळ्यात द्या आणि वर गवत पसरा. काढणीच्या आधी महिनाभर पाणी बंद. शेवटपर्यंत पाणी दिलेला आंबा वजनाला भरतो, चवीला नाही.

साका उन्हामुळे होतो का?

उन्हाचा हात आहे, पण सरळ अंगावर पडणाऱ्या उन्हापेक्षा तापलेल्या जमिनीतून वर येणाऱ्या धगीचा जास्त. साका म्हणजे बाहेरून निर्दोष फळ, पण कापल्यावर बाठ्याजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. त्या भागात स्टार्चची साखर झालेलीच नसते. पानाने माल पाठवला, फळाने साठवला आणि शेवटच्या टप्प्यावर तो अडकला, म्हणून साक्याचं दुःख मोठं.

दुसरं कारण बाठ्यात आहे. फळ झाडावर फार पक्व झालं की आतलं बी रुजण्याची तयारी सुरू करतं आणि भोवतालच्या गरातून पाणी ओढू लागतं. म्हणूनच मोठी, जून झालेली आणि जमिनीलगत लोंबणारी फळं जास्त साकतात.

करण्यासारखं बरंच आहे. झाडाखाली वाळलेलं गवत किंवा गिरीपुष्पाचा पाला जाड पसरा. उघडा कातळ असेल तर हे सगळ्यात आधी. फळ चौदा आणे तयार झालं की काढा, सोळा आण्यांची वाट बघू नका. काढणी सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर, झेल्याने, देठ ठेवून. काढलेलं फळ एक क्षणही तापल्या जमिनीवर ठेवू नका. नवी लागवड करणार असाल तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या ‘रत्ना’चा विचार करा. नीलम आणि हापूस यांच्या संकरातली ही जात साक्यापासून मुक्त आहे. हापूसची चव ती हुबेहूब देत नाही, पण तिची स्वतःची चव चांगली आहे.

रस्त्याची धूळ, समुद्राची खार, पानावरची काजळी यांनी खरंच फरक पडतो?

पडतो. धूळ पानाच्या वरच्या बाजूला बसते. छिद्रं खाली असल्याने ती बुजत नाहीत, पण उजेड अडतो आणि पान जास्त तापतं. चिरेखाणींजवळच्या आणि महामार्गालगतच्या बागांनी पहिल्या फवारणीआधी नुसत्या पाण्याने पानं धुतली तरी उपयोग होतो. काजळी म्हणजे तुडतुड्यांच्या चिकट स्रावावर वाढणारी काळी बुरशी. ती पानात शिरत नाही, पण काळा पडदा टाकते. तिचा इलाज तुडतुड्यांचा बंदोबस्त हाच आहे. खारेने पानाची टोकं आणि कडा जळतात. किनाऱ्याकडच्या बाजूला सुरूची दाट रांग असेल तर फरक डोळ्यांनी दिसतो.

कल्टारमुळे पानांवर परिणाम होतो का?

कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. ते झाडातल्या जिबरेलिनला, म्हणजे वाढ घडवणाऱ्या संप्रेरकाला, आवर घालतं. वाढ थांबते, पेरं आखूड होतात, पानं लहान आणि गडद दिसतात, वाचलेलं अन्न मोहोराकडे वळतं. शिफारस घेराच्या व्यासाच्या दर मीटरला पाऊण ग्रॅम क्रियाशील घटकाची आहे, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान. अशक्त झाडाला देऊ नका. ज्याच्या पानांनीच कमावलेलं नाही, त्याच्याकडून जबरदस्तीने मोहोर काढला तर पुढच्या दोन-तीन वर्षांचं झाड आपण आजच खाल्लं. मोहोर गुच्छासारखा आखूड येऊ लागला तर मात्रा जास्त झाली असं समजून थांबा.

फळाला कागदी पिशवी घातली तर ऊन न मिळाल्याने गोडी कमी होईल का?

नाही. फळाची हिरवी साल थोडंफार प्रकाशसंश्लेषण करते, पण फळातली साखर येते ती पानांतून. पिशवी फळाला घालायची, पानाला नाही. गोटी ते अंड्याएवढ्या फळाला २५ × २० सेंटिमीटरची कागदी पिशवी घातली की फळमाशी, डाग आणि भाजणं कमी होतं, साल स्वच्छ राहते.

परदेशात झाडाखाली चंदेरी कागद अंथरतात. आपणही अंथरावा का?

थंड मुलखात चेरी, पीचच्या बागांत खालच्या फळांना लाली यावी म्हणून ते करतात. हापूसला लालीची गरज नाही आणि आपल्याला खालून ऊन वर फेकायचं नसून धग अडवायची आहे. गवतच बरं.

गोडी मोजायची कशी?

रिफ्रॅक्टोमीटर नावाचं हातात मावणारं उपकरण मिळतं. पिकलेल्या आंब्याच्या रसाचा थेंब त्यावर ठेवायचा. चांगल्या हापूसचा आकडा १८ ते २० अंश ब्रिक्सच्या (रसातल्या गोडीचं माप) आसपास येतो. कच्च्या फळाचा आकडा बघून निराश होऊ नका, तिथे माल अजून स्टार्चच्या रूपात असतो आणि उपकरणाला तो दिसत नाही. कच्च्या फळासाठी बादलीभर पाणी पुरतं. भरलेलं फळ बुडतं, कोवळं तरंगतं. एकाच झाडाची आतली आणि बाहेरची फळं वेगळी पिकवून आकडे वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या जूनमध्ये कुठली फांदी काढायची ते विचारायला दुसऱ्याकडे जावं लागणार नाही.